हिशेबी माणसांची लग्नं

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात, हे शोधून काढणाऱ्या योहानेस केपलरने दुसरं लग्नही गणित घातल्यासारखंच जमवायला घेतलं. पहिली बायको १६११ साली गेली, घरात लहान मुलं. दोन वर्षांत गड्याने अकरा स्थळं पाहिली आणि सगळा वृत्तान्त एका सरदाराला पत्राने कळवला. एकीच्या तोंडाला वास, दुसरी आधीच शब्द देऊन बसलेली. मित्र म्हणाले, चौथी कर. मन मात्र पाचवीवर, सुझाना नावाच्या गरीब, अनाथ मुलीवर. तरी अकरापर्यंत जाऊन मगच स्वारी पाचवीकडे परतली. ज्याचं उत्तर आधीच ठरलंय, त्या गणिताच्या पायऱ्या लिहिण्यात काय सुख असतं कोण जाणे!

लग्न १६१३ साली झालं. नव्या संसारासाठी द्राक्षदारूची पिंपं आणली, तर विक्रेत्याने आत तिरकी काठी घातली आणि तेवढ्यावर माप सांगून टाकलं. नवरदेव अस्वस्थ. पिंपांच्या घनफळावर १६१५ मध्ये त्याचं अख्खं पुस्तक आलं. सुझानाला काय वाटलं असेल?

जोडीदार असा पारखून घ्यायचा, की तो आधीच ठरलेला असतो? मानसशास्त्रज्ञ रेमंड नी यांनी १९९८ साली प्रेमाबद्दलच्या अशाच दोन समजुतींचा अभ्यास मांडला. कुणी म्हणतं, गाठी वरूनच बांधून येतात; कुणी म्हणतं, संसार मुरवावा लागतो. गाठीवाल्यांना सुरुवातीलाच गोडी वाटली नाही, तर ते लवकर उठून जातात.

चार्ल्स डार्विन यांतला कुठला? १८३८ साली त्याने कागदावर दोन रकाने आखले. लग्न न करण्याचे फायदे: हवं तिथे जाण्याची मोकळीक, क्लबात हुशार माणसांशी गप्पा, नातेवाइकांकडे जायची सक्ती नाही, पुस्तकांना पैसे. करण्याचे: मुलंबाळं, म्हातारपणी सोबत, आणि काही झालं तरी कुत्र्यापेक्षा बरी. वाचणाऱ्याला पहिलंच पारडं जड वाटतं. डार्विनने मात्र ‘लग्न कर’ असं तीनदा लिहून खाली ‘इति सिद्धम्’ ठोकलं. गंमत म्हणजे कागदावर एकाही मुलीचं नाव नाही! नोव्हेंबरात त्याने एमा वेजवुडला मागणी घातली. एमा त्याची सख्खी मामेबहीण. आपल्याकडच्या कित्येक घरांत एवढ्यासाठी कागद खर्ची पडला नसता.

दहा मुलं झाली, तरी हिशेबाची खोड गेली नाही. नवराबायको रोज रात्री बॅकगॅमन खेळत आणि डार्विन डाव मोजत असे. १८७६ साली त्याने अमेरिकेतल्या आसा ग्रे या मित्राला मोठ्या आनंदाने कळवलं: बिचारी एमा २४९० डाव जिंकली आहे, आणि मी २७९५!