चाळीस मिनिटांचा पाहुणा

आमच्या माजलगावच्या सेवा क्लबात (क्लबाचं नाव सांगत नाही, येत्या जुलैत मलाही एखादं पद हवंय) अतिथी वक्त्याची थोरवी अंतरावर ठरते. पूर्वी अंबाजोगाईचा वक्ता आला तर तो घरचा, लातूरचा आला तर अभ्यासक आणि पुण्याचा आला तर थेट विचारवंत. पेट्रोल, उतरायची सोय आणि रात्रीचं जेवण मिळून कोषाध्यक्षांना झेपेल तेवढाच विचार गावाला मिळायचा. २०२०च्या टाळेबंदीत सभा मोबाइलवर गेली, पेट्रोल वाचलं आणि तेव्हापासून आम्ही अमेरिकेच्या खाली उतरलेलो नाही. टाळेबंदी उठली, ऑनलाइन सभा काही उठायला तयार नाही.

झूमच्या फुकट सभेला ४० मिनिटांची मुदत असते. पैसे भरून ती वाढवावी, असा ठराव कार्यकारिणीत आला होता. त्यावर चर्चा चालू असतानाच ४० मिनिटं संपली.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका सभेचा हिशेब मी मुद्दाम वहीत मांडून ठेवलाय. विषय होता ‘पाण्याचं नियोजन : काळाची गरज’. वक्ते मूळचे आपल्याच तालुक्यातले, हल्ली मुक्काम न्यू जर्सी. आमचे रात्रीचे आठ, त्यांचे सकाळचे साडेदहा.

पहिली ९ मिनिटं ‘आवाज येतोय का माझा?’ या प्रार्थनेत गेली. ज्यांचा आवाज येत नव्हता, ते आवाज येत नसल्याचं तोंडानंच सांगत होते. एकाच्या घरातला कुकर मात्र तीन शिट्ट्यांपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

मग ६ मिनिटं विधी. अध्यक्षांनी क्लबाची पितळी घंटा घरीच नेऊन ठेवलीय. ती त्यांनी जोरात वाजवली, पण झूमला तो गोंगाट वाटला आणि त्यानं तो गाळून टाकला. अध्यक्ष हातोडीनं काहीतरी फोडताहेत, एवढंच आम्हाला दिसलं. सेक्रेटरींनी समईचं चित्र पडद्यावर आणलं, सर्वांनी आपापल्या सोफ्यावरून नमस्कार केला. सत्काराला शाल-श्रीफळ हवंच. नारळ कॅमेऱ्यासमोर धरला आणि शाल कॅमेऱ्यालाच पांघरली. पाहुण्यांना ऊब लागली की नाही कळलं नाही. आम्हाला मात्र मिनिटभर अंधार झाला.

पुढची ७ मिनिटं मान्यवरांच्या स्वागतात. प्रांतपाल, माजी प्रांतपाल, उपप्रांतपाल, मागचे अध्यक्ष, पुढचे अध्यक्ष. आमच्यात सभासद ३१ आणि त्यातले २६ कशाचे ना कशाचे माजी. एखादं नाव राहिलं, तर पुढच्या सभेची पहिली १० मिनिटं त्या रुसव्याला द्यावी लागतात.

नंतर परिचय. ‘सरांना परिचयाची गरज नाही’ असं म्हणून तो सुरू झाला आणि ११ मिनिटं चालला. १९३२मध्ये हर्बर्ट टेलर नावाच्या अमेरिकी व्यावसायिकानं व्यवहारासाठी चार प्रश्नांची एक कसोटी लिहिली, पुढे ती रोटरीनं आपलीशी केली. त्यातला पहिला प्रश्न : हे सत्य आहे का? आमच्या क्लबात ही कसोटी मोंढ्यातल्या भावापासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळ्याला लावतात. वक्त्याच्या परिचयाला तेवढी सूट आहे. त्या दिवशीचे सर त्यात ‘जलऋषी’ झाले, ‘आधुनिक भगीरथ’ झाले. सरांनीच मध्ये हात वर करून सांगितलं, ‘‘मी पाइपांच्या कंपनीत हिशेब बघतो हो.’’ पण ते म्यूट होते.

झाली ३३ मिनिटं. आभाराला ४ राखीव. त्यांना हात लावला तर क्लब फुटेल. सरांच्या वाट्याला उरली ३.

आणि नेमकं त्याच वेळी कुणाच्या तरी उघड्या माइकमधून आलं, ‘‘अहो, नळ आलाय! मोटर लावा आधी!’’

बाहेरगावच्या वाचकाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. पैठणच्या नाथसागराचं पाणी उजव्या कालव्यानं १३२ किलोमीटर चालत आमच्या उशाशी, सिंदफणेवरच्या धरणात येतं. तिथून ते बीड शहराची तहान भागवायला जातं. एवढा सगळा प्रवास पाणी बिनतक्रार करतं. धरणातून आमच्या गल्लीत यायचं म्हटलं की त्याचे पाय दुखतात. न्यू जर्सीचा माणूस एका क्षणात आमच्या बैठकीत येतो आणि नळाला आठ-आठ दिवस आमची आठवण होत नाही. आता सांगा, आधी कुणाचं स्वागत करायचं?

एकेक चौकोन काळा पडत गेला. ‘‘सगळ्यांचं नेट गेलं काय?’’ सरांनी विचारलं. उत्तर कोण देणार? जलनियोजनाचे सगळे श्रोते जलनियोजनाला गेले होते. हजेरी बुडू नये म्हणून मी मोबाइल न्हाणीच्या खिडकीत टेकवून ठेवला आणि पिंपात पाइप सोडला. सर तीन मिनिटं थेंबाथेंबाचं महत्त्व सांगत होते. चांगलं बोलत असावेत. मोटरीच्या आवाजात नीट कळलं नाही. सेक्रेटरींच्या गल्लीत पाण्याचा वार वेगळा, म्हणून आभार सुरळीत झाले. ‘‘आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे...’’ असं सेक्रेटरी म्हणाले आणि ४० मिनिटं संपली.

पाइप धरून उभं राहिलं की माणसाला इतिहास आठवतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तीन मित्रांना जमवलं. पुढे सभा एकदा एकाच्या, एकदा दुसऱ्याच्या कचेरीत फिरती होऊ लागली, म्हणून नाव पडलं रोटरी. हाती घेतलेलं पहिलं लोकोपयोगी काम कोणतं, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह! त्याला ‘काळाची गरज’ म्हणायला कुणी पाहुणा बोलावल्याचं माझ्या वाचनात नाही. पोलिओचंही तेच. बर्फाचा डबा खांद्याला लावून माणसं दारोदार फिरली, ऊसतोड्यांच्या कोप्यांपर्यंत गेली, तेव्हा कुठे २७ मार्च २०१४ रोजी भारताच्या हाती पोलिओमुक्तीचा दाखला पडला. त्यात रोटरीवाले होते, सरकारी यंत्रणा होती, अंगणवाडीच्या ताई होत्या. दोन थेंब पाजण्याआधी ताईंचा कुणी परिचय करून दिला नाही, म्हणून ते थेंब वेळेत तोंडात पडले.

आमची माणसंही वाईट नाहीत. टाळेबंदीत यांनीच घरोघरी डबे पोचवले. तेव्हा भाषणं झाली नाहीत, कारण तोंडाला मास्क होते.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अहवाल आला : ‘उपस्थिती ३१, श्रोते मंत्रमुग्ध.’ सोबत सभेचा स्क्रीनशॉट. तीस चौकोन काळे आणि एकात माझं पिंप, काठोकाठ भरून वाहत असलेलं. खाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं : ‘व्याख्यान प्रात्यक्षिकासह संपन्न.’

जुलैत मला जलसंवर्धन समितीचं अध्यक्षपद देताहेत. पदग्रहणाला वक्ते कॅनडाचे आहेत. फक्त त्या दिवशी आमच्या नळाचा वार नाही ना, ते तेवढं बघून घ्या म्हणालोय.