चौथा बँकर

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की निम्मे लोक दिवाडकरांच्या वड्यासाठी खाली उतरतात. उरलेले, गाडी एवढा वेळ का थांबलीय म्हणून खिडकीतून माना बाहेर काढतात. कारण साधं आहे. पुढे बोरघाट. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. पुढचं इंजिन एकटं दमतं, म्हणून मागे दोन-तीन इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. गाडी लोणावळ्याला ढकलून पोचवायची आणि मोकळ्या अंगाने घाट उतरून परत यायचं, एवढीच त्यांची नोकरी. ती लागताना गाडीला मागून एक दणका बसतो. नवख्या प्रवाशाचा चहा सांडतो; जुना प्रवासी आधीच कप उचलून धरतो.

माझं घर स्टेशनाच्या इतकं जवळ, की तो दणका आमच्या मांडणीवरच्या पेल्यांनाही कळतो. तीस वर्षं ऐकून ऐकून माझी एक पक्की समजूत झाली होती, की गाडीला मागे तीन बँकर दिसत असले तरी असतात चार. चौथा मी.

लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हापासूनची ही गोष्ट. तिला गाडीत बसवून मी घरी यायचो आणि आरामखुर्चीत बसून घाट चढायचो. पळसदरीला पोटऱ्या भरून यायच्या. ठाकूरवाडीला घशाला कोरड. मंकी हिलला तर छातीत धडधड. ‘लोणावळा गेलं’ असा मेसेज आला की मी धापा टाकत पाणी मागायचो. आमची ही पाणी आणून द्यायची आणि म्हणायची, “गाडी पोचली ना? आता तुम्हीही उतरा.”

एकदा इंजिन गरम झालं की ते एकाच गाडीवर थांबत नाही. माझ्या नावावर एक गुंठा जमीन नाही, पण जून लागला की तालुक्यातल्या समस्त भाताची काळजी माझ्याकडे. कडावकडचे एक शेतकरी आम्हाला वर्षाचा तांदूळ देतात. राब भाजून झालाय, पेरणीही उरकलीय आणि आभाळ कोरडं ठणठणीत, अशा दिवसांत मी त्यांना फोन करतो. “दादा, पाऊस नाही आला तर?” एकदा ते म्हणाले, “पाऊस काय माझा मेव्हणा आहे, बोलावला की यायला?” मग जरा थांबून, “आणि मेव्हणा तरी कुठं येतो?”

उन्हाळ्यात पेज नदी. बाकी ओढेनाले आटले तरी ती वाहते, कारण भिवपुरीच्या वीजघरात टर्बाईन फिरवून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. ते वीजघर १९२२ पासून मुंबईला वीज पुरवतंय. म्हणजे तिकडे पंखे फिरतात तेव्हा इकडे नदी वाहते. मुंबईकर उद्या वीज वाचवायला लागले तर आमच्या नदीचं काय होणार, या विचाराने एका मे महिन्यात मी अर्धी रात्र जागून काढली. मग मुंबईकरांचा स्वभाव आठवला आणि झोप लागली.

हिची पद्धत वेगळी. तिची सगळी खाती खालापूर तालुक्यात, महडच्या वरदविनायकाकडे वर्ग केलेली. “तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड जळतोय म्हणतात,” ती मला ऐकवते. “तो जागाच असतो. तुम्ही कशाला डबल ड्यूटी करता?”

मग गेल्या जुलैतली ती रात्र. लेक, जावई आणि नातू आमच्याकडे यायला मोटारीने निघाले होते. ‘खंडाळ्यात आहोत, धुकं खूप आहे, रेंज जाईल’ असा मेसेज आला आणि रेंज गेली. पाठोपाठ आमच्याकडची वीज गेली. माझा फोन चार टक्क्यांवर. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारी बसलेलीचं बोलणं ऐकू येईना. मी खुर्ची खिडकीशी ओढली, गुडघ्यांवर हात रोवले आणि ढकलायला बसलो.

डोळे उघडले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. अंगावर कुणीतरी गोधडी टाकलेली. आतल्या खोलीत, माझ्या मच्छरदाणीत, नातू आडवातिडवा पसरलेला. मंडळी अकराला आली होती. पिठलं-भात खाऊन, हसून-खिदळून, माझ्या घोरण्याचा व्हिडिओ काढून झोपली होती.

“मला उठवायचं नाही?” मी म्हणालो.

“कशाला?” लेक म्हणाली. “बाबा, तुम्ही झोपलात म्हणून तर नीट आलो. नाहीतर दर वळणाला तुमचा फोन. ह्यांना गाडी चालवू द्याल तर ना!”

खरं सांगायचं तर मला आनंदाआधी अपमान वाटला. मी घोरत होतो आणि द्रुतगती मार्ग खुशाल वाहत होता. दरड जागच्या जागी होती. खोपोलीचं वळण जावयाला आपोआप सापडलं. म्हणजे इतकी वर्षं मी नक्की काय ढकलत होतो? त्यात २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरची वंदे भारत सुरू झाली होती. ती बँकर न लावताच घाट चढते. तिचं यंत्र डब्यांखाली ठिकठिकाणी विभागलेलं, तिला मागून कुणी लागत नाही. तिला पहिल्यांदा कर्जतहून तशीच पुढे जाताना पाहिलं, तेव्हाच खरं तर मी इशारा घ्यायला हवा होता.

चार दिवसांनी जावई गाडी घेऊन कामाला पुढे गेला होता, म्हणून लेक-नातू रेल्वेने निघाले. मी फलाटावर. नातू खिडकीत, हातात वडा, नाकाला लसणीची चटणी. मागून दणका बसला. त्याने पेला बरोबर उचलून धरला. पोरगं तयार झालंय. शिट्टी झाली, गाडी हलली आणि माझे गुडघे आपोआप वाकले, खांदा पुढे गेला, दात आवळले गेले.

“काका, जरा सरका,” टोपली डोक्यावर घेतलेला वडेवाला मागून म्हणाला. “तीन लागलेत मागं. जातीय ती. तुम्हाला किती देऊ, दोन?”