कॅमेरा बंद, तोंडं चालू

आमच्या गल्लीत नळाचा दिवस म्हणजे बातम्यांचा दिवस. जालन्यात नळ रोज येत नाही, हे बाहेरगावच्यांना सांगावं लागतं. टाकी भरेपर्यंत कुणाला घरात जाता येत नाही. एक कान मोटारीकडं ठेवायचा आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून बोलायचं. परवा शेजारच्या वहिनी पाइप हातात धरूनच भिंतीशी आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, कॅमेरा गेला."

"गेला म्हंजे? चोरीला?"

"चोरीला गेला असता तं बरं झालं असतं. दोन दिवस हळहळले असते अन् गप बसले असते. बिघडला. मनालीत. अन् पहिल्याच दिवशी."

भावजींच्या कॅमेऱ्याला गल्लीत मान आहे. बारसं असो, मुंज असो, राजूरच्या गणपतीची अंगारकी असो, भावजी गळ्यात तो काळा ठोकळा अडकवून हजर. लेन्स वेगळी, तिची पिशवी वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला ते फोटोग्राफरांत धरतच नाहीत. त्यामुळं वहिनींच्या आवाजात दुःख किती आणि समाधान किती, याचा मला नीट अंदाज येईना.

मंडळी सचखंडनं अंबाल्याला उतरली, तिथून गाडी करून मनाली. निघाली तेव्हा जालन्यात बेचाळीस अंश. रोहतांगला बर्फ. तेरा हजार फुटांच्या वर आहे ती खिंड. भावजींनी सगळ्यांना बर्फात ओळीनं उभं केलं, "हलू नका" म्हणाले, आणि कॅमेराच हलेना. निम्मी बॅटरी दाखवत होता, पुढच्या मिनिटाला मिटला.

"मंग?"

"मंग काय, आम्ही बर्फात उभे अन् हे कॅमेऱ्याला थापट्या मारू राह्यले. बॅटरी काढली, घातली, फुंकली. खाली आल्याबरोबर मॉल रोडवर नवी घेतली. दुप्पट भाव लावला मेल्यानं. अन् तिथंच जुनी घालून बघितली तं ती चालू! निम्मी भरलेली!"

वहिनींचा थोरला संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. तो तेवढ्यात दूध घेऊन आला आणि उभ्या उभ्या सांगून गेला, की थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून चार्ज असूनही ती रिकामी असल्यासारखी वागते. काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायची, अंगाची ऊब लागली की पुन्हा चालते. "बाबांना तिथंच सांगितलं होतं," असं पुढं म्हणाला, पण आईनं डोळे वटारल्यावर आत गेला.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण कॅमेरा बिघडला की त्याच्या बिघाडानं होत नाही तेवढं नुकसान मालकाच्या इलाजानं होतं, हे माझं जुनं मत आहे, आणि भावजींनी ते साधार सिद्ध केलं. संध्याकाळी गारठलेला कॅमेरा घेऊन ते खोलीत आले. खोलीत हीटर. आल्या आल्या पिशवीची चेन उघडली. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला जसा घाम सुटतो, तसा लेन्सला आतून बाहेरून सुटला. पिशवी तशीच बंद ठेवून तास-दोन तास कोपऱ्यात पडू दिली असती, तर दमट हवा आत शिरलीच नसती. जे काय दव धरायचं ते पिशवीच्या बाहेर धरलं असतं. भावजींनी काय केलं? लेन्स काढून वेगळी केली आणि वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात गरम हवा सोडली.

"माझा ड्रायर व्हो! मला कधी हात लावू देत नाहीत त्यांच्या सामानाला, अन् माझा ड्रायर बरोबर घेतला!"

गरम हवेबरोबर खोलीतली होती नव्हती ती धूळ आत गेली. नंतर पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं आणि कॅमेरा जो बसला तो बसलाच.

हे चाललं होतं तेव्हा मागच्या घरातल्या अक्का घागर घेऊन कधी आल्या कळलं नाही. अक्कांना ऐकू कमी येतं म्हणतात, पण ते निवडून कमी येतं. त्या म्हणाल्या, "त्याचं काय घेऊन बसलीस. आमचे हे आख्खा दक्षिण भारत जाळून आले होते."

ती गोष्ट गल्लीला पाठ आहे, तरी पुन्हा ऐकली. अक्कांच्या यजमानांनी कुणाची तरी याशिका मागून नेली होती. तिरुपती, मदुराई, रामेश्वर, सगळं त्या एका रोलमध्ये. छत्तीस फोटोंचा रोल. कन्याकुमारीला सूर्य उगवता उगवता रोल अडकला. ना पुढं, ना मागं. एखाद्या स्टुडिओत गेले असते तर त्यानं काळ्या पिशवीत हात घालून किंवा डार्करूममध्ये नेऊन रोल सुखरूप काढला असता. तेव्हा यात्रेच्या प्रत्येक गावात असा एखादा तरी स्टुडिओ असायचा. पण आजोबांनी "बघू तरी काय झालंय" म्हणून भर समुद्रकिनारी, लख्ख उजेडात मागचं झाकण उघडलं. जालन्यात आल्यावर रोल धुवायला दिला. स्टुडिओवाल्यानं नुसती काळी पट्टी हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

"त्यानं पैसे घेतले नाहीत, त्याचंच मला रडू आलं," अक्का म्हणाल्या. "माझी सासू त्या सहलीत होती. पुढच्या वर्षी गेली. त्यांचा एकटीचा फोटो नाही घरात."

यावर कुणी काही बोललं नाही. मग समोरच्या काकू मदतीला धावल्या. त्यांच्या सुनेनं दिवाळीत कोकणात मोबाइल समुद्रात पाडला होता. तेव्हा काकूंनीच फोनवरून सल्ला दिला, "तांदळात घाल." लॉजवाल्याकडून वाटीभर तांदूळ मागायची सुनेला लाज वाटली, म्हणून तिनं दुकानातून पाकीट आणलं, आणि मोबाइल महागाचा म्हणून तांदूळही बासमती आणला. रात्रभर बासमतीत ठेवून सकाळी चार्जर लावला. आतलं खारं पाणी वाळलं नव्हतंच. तो शेवटचा दिवा लागला.

तांदूळ पाणी ओढून घेतात हा समज आपल्याकडं इतका घट्ट बसलाय की त्यापुढं कंपनीचंही चालत नाही. आयफोनवाल्यांनी तर 2024 मध्ये स्वच्छ सांगितलं, की तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन फोन खराब होईल. बंद करून, तोंड खाली धरून पाणी झटकायचं, मोकळ्या हवेत ठेवायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही. पण घरात मोबाइल मेलेला असताना नुसतं बसून राहणं आपल्याच्यानं होत नाही. काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ते काहीतरीच अंगाशी येतं.

कोपऱ्यावरचे सर फिरून परत येत होते. चित्रकलेचे मास्तर होते, आता निवृत्त. भिंतीशी एवढी गर्दी बघून थांबले. वहिनींनी कॅमेऱ्याचं पहिल्यापासून सांगितलं. सर ऐकून घेऊन म्हणाले, "एका कॅमेऱ्यासाठी एवढं? गिलसाहेबाचं काय झालं माहीत आहे का?"

"कोण, पारोवाला?" समोरच्या काकूंनी विचारलं.

इथं सरांचा चेहरा पडला. मेजर रॉबर्ट गिलची ओळख आपल्याकडं हीच. त्याच्या अन् पारोच्या प्रेमावर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' लिहिली, त्यावर 2012 मध्ये सिनेमा आला, आणि माणसानं गुहेत बसून काय केलं ते मागं पडलं. अजिंठा आम्हाला काही लांब नाही. भोकरदनवरून सिल्लोड गाठलं की पुढं रस्ता सरळ. तिथं गिल 1844 च्या सुमारास आला तो भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला. वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या, लंडनला पाठवल्या. तिथं क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. 1866 च्या डिसेंबरमध्ये तिथं आग लागली आणि जवळजवळ सगळ्या जळाल्या.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या. "अन् दुसरी प्रत?"

"तीच तर गोष्ट. दुसरी प्रत कुठली? कापडाची प्रत कुठून काढणार? पण बाबा कॅमेराही वापरायचा. त्यानं काढलेल्या जोडफोटोंचं पुस्तक लंडनमध्ये 1864 ला निघालं होतं. ते छापलेलं, म्हणून राहिलं."

सर मग रंगात आले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगू लागले. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि लगेच तिथल्या तिथं अंधाऱ्या तंबूत धुवायचा. काच वाळली की खेळ खल्लास. आमच्या मे महिन्यात टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो, तिथं काच किती वेळ ओली राहणार? गाडीभर सामान, बाटल्या, पाणी, काचा. बैल अडखळला की काचा फुटल्या. पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन 1872 पासून अजिंठ्याला येऊ लागले, पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनलाच पाठवल्या. 1885 मध्ये तिथल्या म्युझियमला आग लागून त्यांतल्याही पुष्कळ गेल्या.

"एकदा जळाल्यावर पुन्हा तिथंच कशाला पाठवायच्या?" अक्कांनी विचारलं, आणि सरांकडं याचं उत्तर नव्हतं.

"पण पारोचं काय झालं?" काकूंनी धागा सोडला नव्हता.

"1856 ला वारली. अजिंठा गावात थडगं आहे."

"अन् साहेब?"

"1879 ला. भुसावळला पुरलंय."

"एवढ्या लांब?" काकू म्हणाल्या आणि सगळ्या बायकांनी एकमेकींकडं असं बघितलं, की सरांना निघावंसं वाटलं.

सर गेल्यावर मी वहिनींना विचारलं, "म्हणजे सहलीचा एकही फोटो नाही?"

"आहेत ना! बरोबरच्या लोकांनी मोबाइलवर काढलेले. लग्नापासून पहिल्यांदा आमचे हे फोटोत आले. एरवी कॅमेऱ्यामागंच. आता आलेत, अन् प्रत्येक फोटोत तोंड वाकडं."

पण खरी बातमी त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवली होती. मोटार बंद करून आल्या, भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली आणि आवाज खाली आणला. कॅमेरा बसला तरी आतलं कार्ड शाबूत होतं. वाटेतल्या गावांचे फोटो त्याच्यावर होते. भावजींनी ते बरोबरच्या एका गृहस्थांच्या कॅमेऱ्यात घालून बघितलं. त्या कॅमेऱ्यानं विचारलं, फॉरमॅट करू का? भावजींनी 'हो' दाबलं. वाचायच्या आधी दाबलं.

थोरल्यानं मात्र ते कार्ड लगेच काढून घेतलं आणि कागदात गुंडाळून आपल्या पाकिटात ठेवलं. त्याच्यावर एकही नवा फोटो काढू दिला नाही. त्याचं म्हणणं, फॉरमॅट केल्यानं बहुतेक वेळा नुसती यादी पुसते, माल आत तसाच पडून असतो. त्यावर नवं काही लिहिलं तरच जुनं जातं. संभाजीनगरला असले फोटो परत काढून देणारा एक जण त्याच्या ओळखीचा. त्यानं कार्ड संगणकाला लावलं, आणि मनालीपर्यंतचे जवळजवळ सगळे फोटो बाहेर आले.

"मंग चांगलं झालं की, वहिनी."

"थांबा. तेवढेच नाही आले. जुने पुसलेले पण आले."

जानेवारीत एका रविवारी भावजी ऑफिसचं ऑडिट आहे म्हणून सकाळीच गेले होते. डबासुद्धा घेऊन गेले होते. कार्डातून त्या रविवारचे फोटो निघाले. शेत, आगटी, हुरडा, तिळाची चटणी, दही, गूळ, ऑफिसातली सगळी मंडळी मांडी घालून बसलेली, आणि एका फोटोत वहिनींच्या हातचा डबा उघडा. फोटोत तारीख होती, वेळ होती. सकाळी अकरा वाजून काही मिनिटं.

"डबा तेवढा संपवला होता का?" अक्कांनी विचारलं.

"तो दुसराच कोणी खात होता!"

कॅमेरा सध्या दुरुस्तीला आहे. आतला पडदा साफ करायचा, लेन्सला बुरशी धरते का ते बघायचं, खर्चाचा आकडा अजून सांगितलेला नाही. तो भावजींच्या खिशातून जाणार एवढं ठरलंय. बटण दाबलं की फोटो पुसले गेले, असं ज्या कुणा भावजींना वाटत असेल, त्यांनी यंदाच्या हुरड्याला घरच्यांना बरोबर न्यावं.