बापूकाकांचा कान

मराठी घरात कान कोरायला काय वापरत नाहीत, एवढंच विचारा. यादी लवकर संपेल. लाटणं वापरत नाहीत. बाकी आगकाडी, केसातली पिन, बॉलपेनचं टोपण, स्कूटरची किल्ली, सगळ्यांचा नंबर लागतो. आमचे बापूकाका दुपारच्या चहानंतर छत्रीची जुनी काडी घेऊन बसतात. डोळे अर्धे मिटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या वेळी घरात चोर शिरला तरी काका त्याला खुणेनं ‘जरा थांब’ म्हणतील. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ येते. काकू म्हणतात, मळ घशात उतरला. खरं तर कानाच्या नळीतल्या कातडीला एका लांबलचक मज्जातंतूचा फाटा येतो आणि तोच तंतू घशाकडेही जातो. इकडे टोचलं की तिकडे ठसका.

खरी गंमत अशी की कानाला आपली गरजच नाही. पडद्यापर्यंतची ही नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिची कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेनं, साधारण नखं वाढतात त्या वेगानं सरकत असते आणि मळ आपसूक दाराशी आणून टाकते. जबडा हलला की तिला हातभार लागतो. म्हणजे काका जेवतात तेव्हाच त्यांचा कान साफ होत असतो, आणि जेवणात काका कमी पडतात असं कोणी म्हणणार नाही. मळ तयार होतो तोही नळीच्या बाहेरच्या भागात. धूळ अडवतो, किंचित आंबट असल्यानं जंतूंना थारा देत नाही. काडी घातली की हा पहारेकरी ढकलत ढकलत पडद्यापाशी नेऊन ठोकला जातो. मग दडे बसतात.

इयरबड निघाला 1923 साली, अमेरिकेत. आज त्याच्या डब्यावरच लिहिलेलं असतं की हा कानाच्या आत घालू नये. ज्या मालावर मालाविरुद्धच सूचना छापतात असे माल माझ्या माहितीत दोनच : सिगारेट आणि हा.

पुतण्याची तऱ्हा निराळी. ढोल-ताशा पथकात गेला आणि भिकबाळीसाठी कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून आला. पाळीचं भोक निमूट भरतं, पण वरच्या कडेत कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. कड लाल होऊन ठणकायला लागली की हळद लावत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मग पावसाळा आला. दमट हवा, न पुसलेले कान, त्यावर आत्याचं लसूण घालून तापवलेलं तेल. आत्याच्या तेलाचा मी मान राखतो, पण कानात जिवंत किडा शिरला आणि पडदा शाबूत असला तरच. एरवी ते बुरशीचं खतपाणी. काकांचा कान खाजू लागला. खाज म्हणून काडी, काडीनं ओरखडा, ओरखड्यानं सूज, सुजेनं आणखी खाज. पाळी नुसती ओढली तरी कळ येऊ लागली. दुखणं बाहेरच्या कानाचं, याची ही ठळक खूण. आमच्या शाळेत ही तपासणी रोज व्हायची, फक्त निदान कोणी लिहून घेत नसे.

डॉक्टरांनी आत पाहिलं. वर्तमानपत्राचा ओला लगदा असावा तशी बुरशी, वर काळे ठिपके. यंत्रानं ती ओढून काढली, थेंब लिहून दिले. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा, आत कोंबायचा नाही. पोहणं बंद. (काका गेल्या कित्येक वर्षांत पोहलेले नाहीत, पण हे पथ्य त्यांनी ताबडतोब कबूल केलं.) आणि काडी कायमची बंद.

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते सगळं ठीक आहे डॉक्टर, पण दुपारी चहा झाल्यावर मी करायचं काय?”