रोख तिकडे, उधार इकडे

कोपऱ्यावरच्या वाण्यावर आपलं निस्सीम प्रेम आहे. 2012 साली केंद्राने किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली, तेव्हा 'आता वाणी बुडाला' म्हणून आपण केवढे हळहळलो! हळहळलो ते बहुधा स्वदेशी ट्रॉली ढकलताना. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईत 2002 सालीच उघडलं होतं.

वाटणी तेव्हापासून ठरलेली आहे. पगार झाला की तांदूळ, तेल, साबण तिकडून, रोखीने. शिवाय एकावर एक फुकट म्हणून वर्षभर पुरेल एवढं फिनेल. वाण्याची आठवण येते ती पंचवीस तारखेनंतर, किंवा फोडणी तापल्यावर मोहरी संपल्याचं कळलं की. 'शेठ, लिहून ठेवा.' आणि पायरी उतरता उतरता, 'तुमच्याकडे महाग पडतं हो!'

पडतंच. मोठी साखळी कंपनीकडून ट्रकने माल उचलते, शेठ वितरकाकडून डझनाने. त्यामुळे कधी कधी शेठना ज्या भावात माल मिळतो, त्याहून स्वस्त तो मॉलमध्ये गिऱ्हाइकाला मिळतो. काही चतुर शेठ म्हणून मॉलमध्येच माल भरतात. मग तिथे पाटी लागते, 'एका ग्राहकास ठरावीकच नग'. मग शेठ एका रांगेत, शेठाणी दुसऱ्या, मेहुणा तिसऱ्या. एकत्र कुटुंबपद्धतीचे फायदे अजून संपलेले नाहीत.

सरकारलाही छोट्यांचा कळवळा आहेच. जानेवारी 2022 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायला मान्यता दिली, तीही शेतकऱ्याच्या भल्यासाठी. एक अट होती: दुकान किमान 100 चौरस मीटरचं हवं. शेठचा गाळा तेवढे चौरस फूट भरला तरी पुष्कळ. पुढे विरोध झाला, निर्णय बारगळला, आणि शेतकऱ्याचं भलं पुन्हा गूळ-शेंगदाण्यावर आलं.

आता दहा मिनिटांत घरपोच देणारी अॅपं आली आहेत. शेठचा पोऱ्या याहून लवकर यायचा, पण त्याला अॅपवाल्यांनी पळवलं. परवा पोहे घेऊन शेठ स्वतःच तीन जिने चढून आले. पुडा हातात दिला, घोटभर पाणी प्यायले आणि समोरच्या वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने गेल्या महिन्याच्या बाकीची चौकशी केली.

पोहे आता आम्ही अॅपवरून मागवतो.