लॅमिनेट केलेला दिवस

पेणच्या बाजारपेठेत झेरॉक्सवाल्यांकडे हल्ली लॅमिनेशनला दोन गोष्टी नेमाने येतात: आधार कार्डं आणि साडेतीन वर्षांच्या मुलांची वेळापत्रकं. दोन्हींवरचं चित्र खऱ्या माणसाशी फारसं जुळत नाही. पण एकदा वरून प्लॅस्टिक चढलं की कोणी शंका काढत नाही.

आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनीही असं वेळापत्रक केलंय. गृहस्थ रोज दिवा गाडीने नोकरीला जातात. गाडीत उभं राहावं लागलं तर माणसाला स्वतःच्या पायांची काळजी वाटते. बसायला मिळालं की पुढच्या पिढीची. यांना खिडकी मिळाली. हमरापूर सुटता सुटता मोबाइलवर एक्सेल उघडलं आणि आपटा यायच्या आत चिरंजीवांचा अख्खा सोमवार तयार झाला. साडेसात ते आठ 'मुक्त खेळ'. (मुक्त खेळ आठ वाजता संपतो, याची नोंद घ्यावी.) मग 'सेन्सरी प्ले'. मग 'सर्कल टाइम', म्हणजे मुलांनी गोल करून बसायचं. चिरंजीव एकुलते एक. त्यांनी एकट्याने गोल कसा करायचा, यावर एक्सेल गप्प आहे. पुढे 'फाइन मोटर', 'निसर्ग निरीक्षण (बाल्कनी)', जेवण, झोप, 'थीम : वाहने', आणि पावणेसहाला 'कृतज्ञता'. शेवटचा रकाना 'जबाबदार व्यक्ती' असा. त्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद आहे: आई/आजी. खाली सही बाबांची.

सेन्सरी प्लेला रंगवलेलं धान्य लागतं. व्हिडिओत तांदूळ होते. गृहस्थांनी रविवारी रात्री हाताला लागला तो डबा उघडला आणि रोह्याहून सासूबाईंनी पाठवलेले कडवे वाल निळ्या रंगात घोळवून पंख्याखाली पसरले. रायगड जिल्ह्यात काही अपराधांना माफी नाही, त्यांत हा बराच वरचा. वालाबरोबर एक प्लॅस्टिकचा चिमटाही मागवला होता. एकेक वाल चिमट्यात धरून वाटीत टाकायचा, त्याने म्हणे अंगठा आणि तर्जनीची पकड सुधारते. चिरंजीवांनी दोन वाल वाटीत टाकले, तिसरा नाकात घातला. तो बाहेर काढायचं काम जबाबदार व्यक्तीने केलं. बाबांचा तेवढ्यात पनवेलहून मेसेज : 'फोटो पाठव, ग्रुपवर टाकायचाय.'

रोह्याला बातमी पोचली तेव्हा सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, रंगपंचमी खेळायची होती तर मला सांगायचंत हो, मी पिचकारी पाठवली असती."

पुढच्या शनिवारी चिरंजीव आईबरोबर रोह्याला गेले. तिथे आजी बिरडं सोलायला बसली होती. रात्री भिजवलेले, मग फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले. एक दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा. साल बोटांत राहते आणि दाणा सुळकन बाहेर. जोर जास्त झाला तर दाण्याची दोन दलं होतात आणि आजीच्या कपाळाला आठी पडते. चिरंजीवांचा पहिला दाणा देवघरात गेला, दुसरा टीव्हीखाली. "हळू रे, पिचकवू नकोस. सालं ह्या ताटलीत, दाणे त्या पातेल्यात." पाऊण तास नातू उठला नाही. पकड, वर्गीकरण, एकाग्रता, शिवाय दुपारच्या जेवणाची सोय. आजीने मुद्दाम काहीच केलं नव्हतं, तिला फक्त एक वाजायच्या आत आमटी हवी होती. फोटो कोणी काढला नाही, त्यामुळे बाबांच्या हिशेबी हा शनिवार कोराच गेला.

आता कोणी म्हणेल, लेखक जुन्याचे गोडवे गाणार. तसं नाही, नव्या बालशिक्षणाशी माझं भांडण नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते सॅन लोरेन्झोच्या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची ती सगळी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग बायांनी शिंपले, बिया, खडे, पानं गोळा केली. पोरं शाळेत येईनात म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कोसबाडला कुरणशाळा काढली. एवढी उमर खर्ची घालून त्यांनी माल फुकटावर आणला. तोच माल आता 'लूज पार्ट्स' या नावाने खोक्यात भरून घरपोच येतो, त्यात खडेसुद्धा असतात. कुंडलिकेच्या काठावरून रोह्याचा माणूस ऑनलाइन खडे मागवतो, आणि आकार आवडला नाही तर परत पाठवतो.

मातीचं तेच. ज्या पेणचे गणपती परदेशात जातात, त्या पेणमध्ये चिरंजीवांचा 'क्ले' डबीतून येतो, सहा रंगांत, स्ट्रॉबेरीच्या वासासकट. यावर मुलांना सरळ गणपतीच्या कारखान्यात न्या असं सुचवावं, तर तेही सोपं नाही. हंगामात तिथे मूर्तींच्या रांगांतून मोठ्या माणसाला आडवं चालावं लागतं, आणि पीओपीची धूळ पोराच्या छातीत जायची. पण शाडूचा एक गोळा कागदात बांधून द्या म्हटलं तर नाही कोण म्हणणार? मागायला मात्र तोंड उघडावं लागतं. डबी ॲपवर मिळते. पापडाचंही तसंच. पोह्याच्या पापडाच्या पिठाची वळी दोऱ्याने कापून लाट्या पाडणं हे साडेतीन वर्षांच्या हातांना झेपणारं कसबी काम आहे, आणि तेलात बुडवलेली एक लाटी हे त्याचं तिथल्या तिथे मिळणारं मानधन. एक्सेलमध्ये हे बसत नाही, कारण पापड दर सोमवारी सव्वानऊला होत नाहीत.

गृहस्थांकडे याला उत्तर आहे. म्हणाले, "घरच्या घरी अभ्यासक्रम आखायची आपल्याकडे परंपराच आहे. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले घ्या, त्यांच्या आजोबांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला होता." खरं आहे. पण तेव्हा नातू बारा वर्षांचा होता. मी विचारलं, मग आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेल्या विनोबांचं काय? त्यांचं सेन्सरी प्ले कोणी घेतलं? "तेव्हा एवढी कॉम्पिटिशन नव्हती हो," गृहस्थ म्हणाले. हे मात्र बिनतोड. भूदान मागत देशभर पायी फिरायला तेव्हा खरंच कोणी स्पर्धक नव्हता.

सरकारचंही वेळापत्रक आहे, आणि ते गृहस्थांच्यापेक्षा शहाणं आहे हे कबूल करायला हवं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी २०२२पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डं देतात. घरातल्याच वस्तू वापरा, मोजा, वेगळ्या करा, गप्पा मारा, असा त्यांचा साधा मामला. ती कार्डं ज्या गटांना देतात त्यांचं नाव काय? माता गट. घरी कोण सापडणार, हे सरकारला गृहस्थांइतकंच पक्कं ठाऊक आहे. अंगणवाडीची सेविकाही बाईच, आणि पोरांना गाणी शिकवता शिकवता पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची तीही तिनेच.

राहिली 'थीम : वाहने'. त्यासाठी फ्लॅशकार्डं आहेत. त्यांतलं रेल्वेचं इंजिन वाफेचं आहे. ते पाठ करून घेतलेले चिरंजीव रोह्याला जाताना मेमूच्या खिडकीला नाक लावून बसले आणि आईला विचारू लागले, "हिचा धूर कुठाय?" मग कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी चार स्टेशनं त्यांनी चार बोटांवर धरली. निडीला झोप लागली, तरी बोटं तशीच. परतीच्या गाडीत हीच नावं उलटी म्हणून दाखवली. आईने शिकवलं नव्हतं. तिला जरा डोळा लागावा अशी तिची मनापासून इच्छा होती.

पेण-रोह्याच्या समस्त बाबालोकांना एक विनंती. वेळापत्रक जरूर करा, हवं तर रंगीत करा. मात्र शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव घाला, लॅमिनेशनला द्यायच्या आधी ऑफिसात एका दिवसाची रजा टाका, आणि सकाळी साडेसात ते संध्याकाळी पावणेसहा ते स्वतः चालवून दाखवा. मधला स्वयंपाकही धरून. वालांच्या डब्याला हात लावू नका.