स्कॅनरवाले काका

मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक स्कॅनरवाले काका हमखास सापडतात. कुणाच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागल्याचं कळायचा अवकाश, हे चपला अडकवून खाली हजर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा डोंगल खुपसायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, मोबाइल हातभर लांब धरून ‘पी ०४२०’ असं वाचायचं. "कॅटॅलिटिक गेला. नवा टाका." निदान संपलं, चहा तेवढा यायचा बाकी. काकांचं वाचन अचूक असतं, घाई असते ती अर्थ लावण्यात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कामगिरीबद्दल गाडीच्या संगणकाला शंका आली आहे, एवढंच हा कोड सांगतो. इंजिन तापलं की कन्व्हर्टरच्या पुढच्या साध्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं वरखाली होतं. कन्व्हर्टर ऑक्सिजन नीट साठवत-सोडत असेल तर मागच्या सेन्सरचं बऱ्यापैकी स्थिर राहतं. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की कोड पडतो. पण एक्झॉस्टच्या जोडावरचं गास्केट फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असली, तरी सेन्सर चकतो. त्या जोडाशी काजळीचा काळा फराटा दिसतो, पण तो पाहायला गाडीखाली वाकावं लागतं, आणि ॲपमध्ये तशी सोय नाही.

कुणी म्हणेल, कन्व्हर्टर खरंच गेलेला असतोच की पुष्कळदा! असतो. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीत तर त्याच्यावर संशय घ्यावाच. पण तो सहसा आपल्या मरणानं मरत नाही. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर आतल्या धातूंवर बसतो. प्लग, कॉइल किंवा ऑइलचं दुखणं तसंच ठेवून नवा बसवला, तर तोही त्याच वाटेनं जाणार. आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असल्यामुळे ही चूक जवळपास सराफाच्या भावात पडते.

"पण काका फुकट बघतात, गॅरेजवाल्याच्या लुटीपासून वाचवतात," हा त्यांचा ठरलेला बचाव. उलट त्यांच्या भरवशावर गिऱ्हाईकच गॅरेजमध्ये जाऊन "कन्व्हर्टर बदला" म्हणतं, मग मिस्त्री कशाला नको म्हणेल? त्यातून काकांना कोड पुसून दिवा विझवण्याची हौस. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही पुसली जाते, म्हणजे बिघाड नोंदला गेला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, किती फेऱ्यांवर होतं, त्याचा टिपलेला तपशील. मिस्त्रीला नेमका तोच हवा असतो.